कूलरखालचं प्लास्टिक

दाजींचा कॉम्प्युटर गेम ऐन रंगात आला की आपोआप बंद पडायचा. प्रोसेसर तापतोय एवढं त्यांना कळलं होतं. का तापतोय, ते शोधायला मला बोलावलं; माझा धंदाच तो. संध्याकाळी त्यांच्या टीमची मॅच, म्हणून मी दुपारीच बॅग घेऊन ताईच्या घरी गेलो.

दार ताईनेच उघडलं. पाण्याचा पेला हातात देताना हळूच म्हणाली, "बापू, फार नीट करू नकोस."

"म्हणजे?"

"चालेल इतपत कर."

बहिणीचं बोलणं मला लहानपणापासून अर्ध्या शब्दात कळतं. आज पूर्ण वाक्य ऐकूनही कळलं नाही.

"आले पंख्यांचे वैद्य," दाजी आतून म्हणाले. "नाडी बघा आणि सांगा, संध्याकाळपर्यंत तग धरतो का."

टेबलाखाली काचेच्या बाजूचं कॅबिनेट, आत निळा उजेड. मधलं दार उघडं होतं. पलीकडच्या खोलीत माझी भाची, चिमणी, पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत होती. "मामा, आईने माझा लाल खडू लपवलाय," तिने मान वर न करता तक्रार नोंदवली.

मी सगळे प्रोग्रॅम बंद केले. मशीनला काम काही नाही, तरी तापमानाचा आकडा नव्वदच्या वर. पंखे फिरत होते, जाळ्यांवर धूळ नव्हती. कॅबिनेट उघडून कूलरला बोट लावलं तर तो गार. खाली प्रोसेसर भाजतोय आणि त्याच्या डोक्यावर बसलेल्याला पत्ता नाही. दोघांची गाठच पडत नव्हती.

मशीन बंद करून कूलर उचलला. त्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. नवा कूलर येतो तेव्हा असतं, बसवण्याआधी सोलून काढायचं असतं.

"दाजी, हे काढायचं राहिलं."

"काय सांगतोस. मी स्वतः काढलंय. फोटो काढून ग्रुपवर टाकला होता."

मी ते उजेडात धरलं. एका कोपऱ्याला नखाची घडी होती. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जुनी, वाळलेली पेस्ट, प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवायला लावतात ती. म्हणजे कूलर एकदा नीट बसला होता, चालला होता. मग कुणीतरी स्क्रू सोडवून प्लास्टिक परत लावलं होतं.

दाजी टीमला फोन लावायला गॅलरीत गेले. मी ताईकडे पाहिलं. नवऱ्याच्या खेळापायी तिचं डोकं फिरलेलं असायचं, पण सवतीवर राग काढावा तसा मशीनवर काढेल असं वाटलं नव्हतं.

"तुला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो?"

"तूच शिकवलंस." मग तिने पलंगाकडे नजर टाकली. "प्लास्टिक असलं की ही बरी असते."

मी हसलो. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर घट्ट आवळला. प्रोसेसरला पूर्ण जोर लावायला लावणारी टेस्ट सुरू केली.

आकडा खाली आला, खालीच राहिला. इतका खाली की मला आवडलं नाही. मागच्या पंख्यापाशी हात धरला. वारा गार. एवढं काम चाललंय तर उष्णता निघायलाच हवी. ती कधी संपत नाही, जागा बदलते. आमचं सगळं कसब तिला बाहेरची वाट दाखवण्यात. इथे तिने कुठली वाट धरली होती? कुठेतरी पाणी मुरत होतं.

वळून पाहिलं तर ताई ओलं फडकं घेऊन पलंगाशी उभी होती. चिमणी अजून खुशाल रंगवत होती.

मग तिच्या हातातला खडू गळला. गाल लाल झाले, ओठ सुकले. मी कपाळाला हात लावला आणि मागे घेतला.

जाऊन टेस्ट थांबवली. परत आलो तोवर कपाळाला घाम आला होता. "मामा, पाणी," ती म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात.

"योगायोग असेल," मी म्हणालो.

ताईने फडक्याने तिचं कपाळ टिपलं.

एकदा केलेल्या टेस्टवर मी विश्वास ठेवत नाही. दोनदा करतो. नेहमीच. मी उठलो आणि ती पुन्हा सुरू केली. ताई माझ्याकडे बघत राहिली, परक्या माणसाकडे बघावं तशी.

चिमणीचे डोळे मिटले. मी तिच्या नाकाशी तळवा धरला. कोरडा वारा, कढत, तापलेल्या धुळीचा वास असलेला. तो आत वळण्याची मी वाट पाहिली.

वळला नाही. नुसता बाहेर येत राहिला, एकसुरी, न तुटता.

मी धावलो. माउस शोधत बसलो नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं.

पडदा काळा झाला.

पलंगाशी परतलो. तळव्यावरचा वारा मंदावत होता. वीज गेल्यावर पंख्याचं पातं मंदावतं तसा. आणखी मंद. मग नाही.

छाती हलत नव्हती.

गॅलरीत दाजी फोनवर हसत होते. "हो, झालं काम. गारेगार झालंय."

ताईने फडकं पिळलं, घडी केली, कडेला ठेवलं. मान वर न करता म्हणाली, "बापू, चालू कर."