आतला स्विच

एसी चार मिनिटं चालायचा, टक् करून बंद पडायचा आणि तीन मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचा. पाच रात्री मी हे घड्याळ समोर ठेवून मोजलं. लेक चार वर्षांची. एसी बंद पडला की ती घामाने भिजेल, सुरू झाला की तिला सर्दी होईल आणि मधल्या वेळात तारा जळून खोली पेटेल, अशा तीन चिंता मी पाळीपाळीने करत होते. नवरा म्हणाला, "एसीपेक्षा तूच जास्त वेळा चालू-बंद होतेस."

शेवटी त्याच्या मामांना बोलावलं. चाळीस वर्षं एसी दुरुस्त केलेला माणूस. मंगळवारी, मे महिन्याच्या एकोणीस तारखेला, दिवेलागणीला आले. आधी मेन स्विच बंद करून नवऱ्याला तिथे पहाऱ्यावर उभं केलं. मग स्टुलावर चढून जाळी काढली. तिच्यावर बोटभर धूळ.

"सूनबाई, याचा श्वास कोंडलाय."

आत सेन्सर खाचेतून सुटून थेट गार नळीला टेकला होता. त्यामुळे खोली गार झाली असं समजून एसी लगेच बंद पडायचा. मामांनी जाळी धुतली, सेन्सर जागेवर बसवला. एसी पाऊण तास अखंड चालला. लेक झोपली. मला आनंदाने रडू फुटायचंच बाकी होतं.

निघताना मामा लेकीच्या खोलीबाहेरच्या बोळात थबकले. "एसीचा स्विच असा खोलीबाहेर, एवढ्या वर कुणी काढला?"

"मीच काढून घेतला, गेल्या महिन्यात. आत होता तेव्हा लेक सारखा हात लावायची."

मामा परत बाहेरच्या खोलीत येऊन बसले. साडेनऊ झाले होते. लेकीला उजेड नको म्हणून दिवा मालवलेला.

"उद्याच तो आत घे," ते म्हणाले.

"का हो मामा? भूत येतं?" नवरा हसला.

"माझ्या जोडीदाराची गोष्ट आहे. आम्ही त्याला पकड्या म्हणायचो, कारण खिशात पकड घेऊनच झोपायचा. एका गिऱ्हाइकाने त्याला बोलावलं. गोड बोलणारा, नीटनेटका माणूस. खिडकीतला जुना एसी, गिरणीसारखा घरघरणारा. तक्रार तुझ्यासारखीच. सारखा आपोआप बंद पडतो. पकड्याने सगळं तपासलं. गॅस ठीक, मोटर ठीक. दोष नाहीच! त्या माणसाची बायको दाराशी उभी होती. ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या. तिचा नवरा पाणी आणायला गेला तशी स्विचवर हात ठेवून म्हणाली, 'दादा, हा इथेच राहू द्या.' इतकंच. नवरा आला, हसला. 'हिला थंडी वाजते हो. स्विच बाहेर काढा. वरती. आतून बंदच होता कामा नये.' गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा! पकड्याने तासाभरात काम केलं."

मी विचारलं, "मग?"

"त्या रात्री एसी नऊ तास चालला. शेजाऱ्यांना फक्त घरघर ऐकू आली. तो रोज तेवढ्यासाठीच लावायचा, बाई. तिला मारतानाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि ती बंद करायची. कुणीतरी ऐकावं म्हणून... सकाळी ती दाराशी सापडली. डोकं फुटलेलं. बोटांना नखं नव्हती. सगळी दाराच्या फळीत."

नवरा आता हसत नव्हता.

"तो सुटला. कुणी ऐकलंच नव्हतं, साक्ष कोण देणार? वर्षाने त्याने पकड्याला पुन्हा बोलावलं. एसी परत आपोआप बंद पडतोय म्हणून. पकड्या गेला. का गेला विचारू नका. वर्षभर झोपला नव्हता तो. सात जून, मंगळवार, रात्रीचे दहा. त्याने बोळातला फ्यूज उपसला, खिशात टाकला. आमचा नियमच तो, म्हणजे काम चालू असताना कुणी चुकूनही वीज सोडणार नाही. तो माणूस खोलीत, हा बोळात. आणि एसी सुरू झाला."

"फ्यूज खिशात असताना?"

"खिशात. मग बंद. त्या शांततेत... फटका. मांसावर बसतो तसा. पुन्हा घरघर. पुन्हा बंद. पुन्हा फटका. दार धाडकन लागलं. आतून तो ओरडला, 'बंद कर! उघड!' पकड्या स्विचवर झेपावला. स्विच बंदच होता. त्याने दाराला खांदा दिला. दार हललं नाही. एसी चालू. आता थांबेचना. घरघर... घरघर... दाराखालून रक्त आलं. त्याच्या चपलेपर्यंत."

मामांनी पाय वर खुर्चीवर घेतले.

"पहाटे एसी थांबला. दार आपोआप उघडलं. तो माणूस दाराशी. जबडा तुटलेला. बरगड्या आत गेलेल्या. बोटांना नखं नाहीत. खोलीत दुसरं कुणी नाही. हत्यार नाही. शेजाऱ्यांना फक्त घरघर ऐकू आलेली."

"आणि पकड्या?"

"त्याने वर पाहिलं. बोळात स्विच नव्हता. कोरी भिंत, जुना रंग. स्विच आत होता. त्याच्या जुन्या जागी."

तेवढ्यात लेकीच्या खोलीतून आवाज आला.

टक्.

सेन्सर जागेवर होता. जाळी धुतलेली होती. मी शिकलेली बाई आहे, हे मी स्वतःला बोळभर सांगत गेले. लेक गादीवर उठून बसली होती. जुन्या स्विचचं भोक बुजवलं होतं, तिथला गिलावा कुणीतरी खरवडून काढला होता. खाली चादरीवर पांढरा चुरा.

"हे तू केलंस ना, राणी? आई नाही रागावणार."

तिने नाही अशी मान हलवली.

"लांब बाह्यांच्या मावशीने केलं. तिला एसी बंद करायचाय. म्हणजे मग तुला ऐकू येईल."