रात्रपाळीची दुरुस्ती

पोर्ट हॅलमच्या गणनाकेंद्रातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर दुपारी एकदाचे नवे आकडे उमटले आणि हेमांगी दाबकेने उभं राहून चक्क टाळी वाजवली. पंचावन्न वर्षांच्या प्रमुख संख्याशास्त्रज्ञ बाईला हे शोभत नव्हतं, पण तीन वर्षं ती या एका आकड्यासाठी जिवाचं रान करत होती.

"फ्लॅट्स अडीचवरून साडेचार टक्के! बघितलंस, थेरॉन?"

डॉ. थेरॉन व्हिटफील्ड तिचा सहकारी. त्याने बघितलं होतं, पण तो टाळी वाजवत नव्हता.

अमेरिकेतल्या एका मोठ्या सरोवराच्या काठावरचं हे लाखभर वस्तीचं शहर. माणसं मोजायला इथे आता कुणी दारं ठोठावत नसे. रस्त्यांवरच्या खांबांवर स्पंदनगणक बसवले होते. त्यांतून निघणाऱ्या मंद लहरी भिंतींमधून आत जात आणि घरातल्या प्रत्येक हृदयाचा ठोका टिपून परत येत. यंत्र नाव विचारत नसे, वर्ण विचारत नसे, कागद मागत नसे. जे हृदय जिथे झोपतं, तिथलं ते रहिवासी. इतका सरळ न्याय अमेरिकेत पूर्वी कधी झाला नव्हता, असं सगळे म्हणत.

न्यायात खोट एकच होती. यंत्र ठोके मोजायचं पहाटे तीनला. फ्लॅट्स ही नदीच्या मुखाशी असलेली सखल वस्ती. भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळी, ब्रह्मदेशातले कारेन, सोमाली अशी सगळी उशिरा आलेली मंडळी तिथे राहत आणि त्यांतली निम्मी रात्रपाळीला शीतगृहांत मांस कापत उभी असत. त्यांचे बिछाने पहाटे तीनला रिकामे असत. हेमांगीने भांडून भांडून नियम बदलून घेतला. आता गणना आठवडाभर चालणार होती, दिवसरात्र, आणि ज्याची झोप जिथे जास्त तिथे त्याची नोंद होणार होती. आजची होती चाचणी. खरी गणना पुढच्या आठवड्यात, आणि त्यात निघालेले आकडे दहा वर्षं गोठणार.

"तू फ्लॅट्सकडेच बघतेयस," थेरॉन म्हणाला. "ईस्टगेट बघ."

हेमांगीने बघितलं. ईस्टगेट, पुलापलीकडचा विभाग, पन्नास पूर्णांक चार टक्के. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने बेरीज पुन्हा करून बघितली.

तेवढ्यात दारातून पवित्रा घिमिरे आत आली. फ्लॅट्समधली किराणा दुकानदारीण, वस्तीची नगरसभेतली प्रतिनिधी आणि हेमांगीची पहिली घरमालकीण. विद्यार्थिनी असताना हेमांगी तिच्या दुकानावरच्या खोलीत राहिली होती, तिने रांधलेलं गुंद्रुक, आंबवलेल्या पाल्याचं कालवण, खात. पवित्रा तिला 'बहिनी' म्हणे, नेपाळीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. आज ती डबाभर सेलरोटी, तांदळाच्या पिठाची गोड तळलेली कडी, घेऊन आली होती.

"साडेचार म्हणे! बहिनी, तू आम्हाला दुप्पट केलंस!"

हेमांगीने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "दिदी, घात झालाय."

मग तिने समजावून सांगितलं. या नगरसभेत प्रत्येक विभागाचा एकच प्रतिनिधी, आणि त्याच्या मताला वजन त्याच्या विभागातल्या माणसांएवढं. आतापर्यंत नॉर्थ शोअर साडेअठ्ठेचाळीस, ईस्टगेट एकोणपन्नास, फ्लॅट्स अडीच. ठराव पास व्हायला पन्नासच्या वर जावं लागतं.

"एकट्याने कुणालाच ते जमत नव्हतं," ती म्हणाली. "नॉर्थ शोअरचे जुने आयरिश-पोलिश आणि ईस्टगेटचे कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन यांचं चाळीस वर्षांत एका गोष्टीवर जमलेलं नाही. म्हणून दोघेही तुमच्या दारात येत. तुम्ही अडीच टक्के, पण तुमचा निर्णायकांक, म्हणजे निकाल फिरवायची ताकद, त्यांच्या बरोबरीचा. डोकी किती आणि सत्ता किती, ही दोन वेगळी गणितं आहेत."

"आता तर डोकी वाढली. मग?"

"दुरुस्ती सगळ्या शहराला लागू होते," थेरॉन हळूच म्हणाला. "ईस्टगेटमध्येही इस्पितळातल्या आया, पहारेकरी, बसचालक आहेत. तेही रात्री घराबाहेरच असायचे. तेही आता मोजले गेले. ईस्टगेट एकटंच पन्नासच्या पुढे गेलं. आता त्याला कुणाचीच गरज नाही. तुम्ही साडेचार असा नाहीतर पंचेचाळीस. निर्णायकांक शून्य."

पवित्राने डब्याचं झाकण लावून टाकलं. गणना संपल्यावरच्या सोमवारी नगरसभेत सरोवराच्या भिंतीचा ठराव होता. दरवर्षी चढणारं पाणी थोपवायला एकच भिंत बांधता येणार होती. लांब भिंतीत फ्लॅट्स आत येत होतं. आखूड भिंतीने ईस्टगेटचं बंदर वाचत होतं, आणि तिथून उलटलेलं पाणी फ्लॅट्समध्ये घुसणार होतं. ईस्टगेटचा प्रतिनिधी दुष्ट नव्हता. त्याला आपल्या गल्ल्या आधी दिसत, एवढंच.

हेमांगी सांगलीची. घरात छातीभर पाणी चढलं की माणूस आधी काय उचलतो आणि मग काय सोडून देतो, हे तिने लहानपणी बघितलं होतं. निर्णायकांकाचं हे गणित ती वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आली होती, संख्येला सत्ता समजू नका म्हणून बजावत आली होती. आणि स्वतःच्या माणसांची वेळ आली तेव्हा तिनेच संख्येचा हट्ट धरला.

"थेरॉन," ती म्हणाली. "दुरुस्ती मागे घेऊ. चाचणीत दोष निघाला म्हणू."

थेरॉन पडद्याकडे वळला. "माझी आई अठ्ठावीस वर्षं इस्पितळात रात्रपाळी करत होती. रोग्यांची अंथरुणं बदलायची. इतक्या वर्षांत या शहराच्या लेखी ती नव्हतीच. तिच्यासारख्या हजारो बायका आज पहिल्यांदा पडद्यावर आल्यात. त्या मी पुसून टाकू? तू सांग, मी पुसतो."

हेमांगीने नकारार्थी मान हलवली. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं असल्यामुळेच तिला रडू फुटलं.

पवित्रा मात्र रडली नाही. "ते अर्ध्याच्या किती वर आहेत?"

"अगदी थोडे. शहरात बाहेरून हजारेक माणसं राहायला आली, तर त्यांचा वाटा पन्नासच्या खाली जाईल."

"एवढंच ना?" पवित्रा उठली. "आमची माणसं पिट्सबर्गला आहेत, कोलंबसला आहेत. हाक मारली की येतात."

डबा टेबलावर तसाच ठेवून ती लगबगीने गेली. हेमांगीला तिला आणखी काही सांगायचं राहिलं, असं क्षणभर वाटलं. पण काय, ते आठवेना.

गणनेच्या आठवड्यात अधिकाऱ्यांनी कुठल्याही विभागाशी बोलायचं नाही, असा नियम होता. पडदाही शनिवारपर्यंत बंद. हेमांगी खिडकीत उभी राहून बघत असे. बसमागून बस येत होत्या. टोप्या घातलेले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, प्रेशर कुकर सांभाळत उतरणारे जावई. आपलं बुडतं गाव वाचवायला लोक त्याच गावात राहायला येतायत, हे बघून तिला कितीतरी दिवसांनी नीट जेवण गेलं.

शनिवारी दुपारी पडदा उजळला. शहराची लोकसंख्या बाराशेने वाढली होती. फ्लॅट्स होतं तिथेच, उलट कणभर खाली.

ईस्टगेट एक्कावन्न.

"चूक आहे," हेमांगी म्हणाली. "यंत्र बिघडलंय."

तिने सगळे गणक तपासले. थेरॉननेही तपासले. कुठे काही बिघडलेलं नव्हतं. मग थेरॉन खुर्चीत मागे रेलला आणि त्याने डोळे मिटले.

"ईस्टगेटला माझ्या आईकडे अकरा जण उतरलेत," तो म्हणाला. "आमच्या चर्चच्या बायकांनी सगळ्यांना घरोघरी वाटून घेतलं. आई परवा म्हणाली, पाहुण्यांनी भातात घालायची मिरची आणलीय, नाकाडोळ्यांतून पाणी काढते. काय खुशीत होती! मला वाटलं, झोपायला ते फ्लॅट्समध्येच जात असतील."

फोन वाजला. गणना संपली होती, आता बोलायला बंदी नव्हती. पवित्राचा आवाज आनंदाने फुलला होता.

"बहिनी, बाराशे आणले! तू हजार म्हणाली होतीस."

"दिदी, त्यांना फ्लॅट्समध्ये का नाही ठेवलंत?"

"फ्लॅट्समध्ये?" पवित्राला हसू आलं. "तळघरांत अजून गुडघाभर पाणी आहे, भिंतींना बुरशी. आपल्यासाठी एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला ओल्या गादीवर कोण झोपवतं? पुलापलीकडच्या बायकांना सांगितलं, तर त्यांनी आपल्या खाटा रिकाम्या करून दिल्या गं. देवमाणसं आहेत. सगळे कोरड्यात झोपले, सात रात्री, अगदी गाढ."

हेमांगीला आता आठवलं, काय सांगायचं राहिलं होतं: कुठे झोपायचं नाही, ते.

"तू म्हणालीस शहरात आण, मी आणले," पवित्रा म्हणाली. "आता भिंत आपल्या बाजूने येईल ना?"

पडद्यावर ईस्टगेटच्या आकड्याशेजारी कुलपाची खूण उमटली. थेरॉनने हात पुढे करून हेमांगीच्या हातातला फोन घेतला आणि कानाला लावला. पलीकडून पवित्रा विचारतच होती, ऐकू येतंय ना, म्हणून.