टायरखालचा वरवंटा

पोरींनो, कुणाचं प्रेम नजरेनं जमतं. माझं जमलं वरवंट्यानं... आणि सुरुवातच भांडणानं.

सन त्र्याऐंशी. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर आमची खोली. रविवारी सकाळी टाकीवालीकडून छिन्नीनं ठोकून वरवंट्याला टाकी लावून घेतली, नळावर धुतला आणि तान्ह्या पोरासारखा काखेत धरून वर निघाले. वाटेत पांढरी फियाट उभी. उताराला तोंड, पुढची सीट रिकामी, मागे जरीच्या लुगड्यातली एक बाई... आणि गाडी हलतेय! हळूच, चोरासारखी. खाली नळावर बायकांची रांग.

मी धावले. वरवंटा पुढच्या चाकाखाली सारला. गाडी कचकन थांबली.

समोरच्या दुकानातून एक उंच तरुण पळत आला.

"डोळे फुटले काय हो? म्हातारीला आत बसवून गाडी सोडून जाता?"

"मी... पत्ता विचारायला... हँडब्रेक ओढला होता ना!"

"नुसत्या हँडब्रेकवर उतारावर गाडी ठेवतात? दोरी ती, कधीही सैल पडते. तोंड खाली असलं की रिव्हर्स गिअर टाकायचा. चाकं डावीकडे, गटाराच्या कठड्याकडे वळवायची. सुटलीच तर कठड्याला टेकेल, कुणाच्या अंगावर जायची नाही."

तो बघतच राहिला. "आणि तोंड वर असलं तर?"

"पहिला गिअर. चाकं उजवीकडे. पुढचं विचाराल तर फी पडेल!"

तो हसला. मेला असा हसला – की मी वरवंटा तिथेच विसरले.

मागच्या सीटवरून बाई कडाडल्या, "नंदकिशोर, म्हातारी कुणाला म्हणाली ही?"

अर्ध्या तासानं पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर मला बघायला आलेले पाहुणे हेच! पार्ल्याचे. तो नंदकिशोर, आणि त्या त्याच्या आई, सुंदराबाई.

"स्वयंपाक येतो?" सुंदराबाईंनी विचारलं.

"येतो."

"तोंड चालवता येतं ते बघितलंच. पोरीच्या जातीला गाडीचं ज्ञान कशाला गं?"

आईनं मला चिमटा काढला. मी मान वरच ठेवली. "माझ्या बाबांचा पाय बघा. उतारावर सुटलेल्या टेम्पोनं चेपलाय. तेव्हापासून बाबांनी टेम्पो उभा केला की गिअर आणि चाकं मी तपासते. यात लाज वाटत असेल, तर तुमची गाडी तुम्हाला लखलाभ."

सुंदराबाईंनी बशी खाली ठेवली. तो मात्र पोहे खाता खाता माझ्याकडेच बघत होता... चमचा रिकामा, तरी तोंडात.

बुधवारी पत्र आलं. मुलगी तोंडाळ आहे, नको. तिसरा नकार. आई रडली. बाबा म्हणाले, "रत्ने, जरा जीभ आवर गो."

"जीभ कापून लग्न करायचं, तर बिनलग्नाची बरी," मी म्हटलं.

त्यात वरवंटाही गेला, पाहुण्यांच्या गाडीबरोबरच! रोज शेजारच्या मालनकडे मागायला जायचे, आणि रोज ते हसू आठवायचं. राग वरवंट्याचा की हसण्याचा... कळेना.

पुढच्या रविवारी खाली हॉर्न वाजला. दारात तो, हातात पेपरात गुंडाळलेला वरवंटा.

"चोर!"

"मुद्दाम नेला," तो हळूच म्हणाला. "परत यायला काही कारण नको?"

"नकाराचं पत्र आलंय."

"ते आईनं लिहिलं. मी नाही."

"मग आईच्या तोंडावर सांगा. लपूनछपून यायचं असेल तर वरवंटा ठेवा आणि चालते व्हा."

"तोंडावरच सांगितलं. चार दिवस अबोला होता घरात. आज म्हणाली, चल, पुन्हा बघू दे मला. गाडीत बसलीय, पण उतरत नाही."

"का?"

"म्हणते, त्या पोरीनं गाडी तपासल्याशिवाय पाय खाली टाकणार नाही."

मी वरवंटा घेऊन तशीच निघाले. तो मागे मागे.

"रत्नप्रभा... आठवडाभर सपाट रस्त्यावरसुद्धा गिअर टाकून ठेवतोय. परवा तशीच सुरू केली, तर गाडीनं मागे उडी मारली. तुम्ही डोक्यातून जातच नाही."

"क्लच दाबून सुरू करावी. माझा विचार करा, पण क्लच दाबून."

"म्हणजे... करू?"

मी काहीच बोलले नाही. मी – आणि बोलले नाही! यातच काय ते समजा.

गाडी तपासली. हँडब्रेक ओढलेला, गिअर रिव्हर्सला, चाकं कठड्याकडे. तरी एक वीट उचलून टायरपुढे लावलीच.

आत सुंदराबाई दोन्ही हातांनी सीट धरून. तोरा मात्र तोच. "उतरू का गं?"

"उतरा. पण आधीच सांगते, मी मान खाली घालणार नाही."

"मान वर ठेव, हात तेवढा दे. गुडघे धरलेत माझे."

मी हात दिला. त्यांनी तो घट्ट धरला आणि उतरल्या. चाकाकडे बघून म्हणाल्या, "वरवंटा नाही लावलास?"

"तो आता चाकाखाली जायचा नाही. चटणी वाटायचीय. तुम्ही दोघं जेवून जाणार आहात."