कोरा कॉम्प्युटर

इंजिनचा कॉम्प्युटर निवडणं हे माझ्यासारख्या माणसाचं काम नव्हे. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासली. काना-मात्रा चुकली तर मला लगेच दिसते. बॉनेटखाली काय असतं ते मात्र एकाहत्तराव्या वर्षापर्यंत मी पाहिलंही नव्हतं. तरी सवयीप्रमाणे वही केली. वाचनालयातून गाड्यांवरची दोन जाड पुस्तकं आणली, पानांवर रेघा आखल्या आणि डावीकडे गुण, उजवीकडे दोष असं लिहीत गेलो. दोन्ही रकाने सारखेच भरले. माझं नेहमी असंच होतं.

गाडी मुलीची. दोन दारांची, बुटकी, गडद निळी. लहानपणी शिडीवरून पडून तिचा डावा गुडघा कायमचा अधू झाला. जिना चढायला तिला इतका वेळ लागायचा की मी तिला गोगलगाय म्हणायचो. पुढे ही गाडी घेतली तेव्हा किल्ली माझ्या नाकासमोर नाचवत ती म्हणाली होती, "बघा बाबा, गोगलगायीनं शंख बदलला." गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, त्यामुळे डाव्या पायाला कामच नाही. रस्त्यावर ती कोणाच्या मागे राहत नसे. फक्त गाडीतून उतरताना तिला हात द्यावा लागायचा. तेवढं काम माझ्याकडे होतं.

ती जाऊन चौदा महिने झाले होते. त्या सकाळी तिला श्वास घेववत नव्हता. पलंगाच्या कडेला बसून ती म्हणाली, "बाबा, गाडी काढा ना. नुसतं दाबायचं आणि सोडायचं." माझ्याकडे परवाना होता, तीस वर्षांचा जुना, एकदाही न वापरलेला. मी घड्याळाकडे पाहिलं. सहा बावन्न. मी म्हणालो, ॲम्ब्युलन्स बोलावतो, त्यांना सगळं येतं. ॲम्ब्युलन्सला यायला अडतीस मिनिटं लागली. हॉस्पिटल घरापासून सात किलोमीटरवर आहे.

डॉक्टर त्यावर काही बोलले नाहीत. माझी बायकोही काही बोलली नाही.

नंतर मी शिकवणी लावली आणि गाडी चालवायला शिकलो. वाचनालयापर्यंत आणि परत, एवढंच. गाडी मात्र तिच्यासारखीच चालायची. मी घाबरत दाबलं तरी ती झेप घ्यायची, आणि आमच्या गल्लीचं वळण आलं की मी काही करायच्या आधीच हळू व्हायची. मला ते आवडायचं. मग एक दिवस ती भर चौकात बंद पडली. आठवड्याभराने पुन्हा.

टायरच्या गोदामामागे एका लांबट शेडमध्ये गाड्यांचे कॉम्प्युटर बसवणारी एक बाई होती. वय मुलीएवढंच असेल. नखांत काळं, चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा टेबलावर शोधत असायची.

"काका, गिअर हातानं टाकायची गाडी असती तर दहा पर्याय दिले असते," ती म्हणाली. "ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स सारखे एकमेकांशी बोलत असतात. नुसता इंजिनचा नवा कॉम्प्युटर घातला तर गिअरबॉक्सशी बोलणार कोण?"

दोनच मार्ग उरले. एक म्हणजे जुना तसाच ठेवून त्याच्या डोक्यावर नवा बसवायचा. इंजिन नव्याकडे, गिअर जुन्याकडे. किंवा जुना काढून टाकायचा आणि दोन्ही सांभाळणारा एकच मोठा नवा घालायचा.

"गाडी त्या वळणावर आपोआप हळू होते," मी चाचरत म्हणालो.

"शिकतो तो. चालवणाऱ्याचा पाय कसा पडतो ते त्याला पाठ होतं." तिने जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून मला दाखवलं. आत हिरवट गंज चढला होता. "पण हा दमट हवेनं गेलाय. डोक्यावर नवा बसवला तरी हा मधेच दगा देणार."

"मोठा नवा घातला तर शिकलेलं सगळं?"

"जाणार. नवा कोरा येतो. तो तुमचा पाय बघून शिकेल."

"तिचं काढून त्यात घालता येत नाही?"

"नाही, काका." ती चष्मा शोधायला लागली. तो डोक्यावरच होता.

मी वही घेऊन घरी आलो. चार दिवस निर्णय होईना. बायको शेंगा सोलत होती. मी तिला दोन्ही रकाने वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"जुना ठेवलात आणि गाडी पुन्हा चौकात बंद पडली," ती मान वर न करता म्हणाली, "तर परत कोणाची वाट बघत बसणार आहात तुम्ही?"

त्या सकाळबद्दल ती बोलली ते एवढंच. मी कोरा घालायला सांगितला.

रविवारी गाडी मिळाली. बाईने सांगितलं, आठवडाभर चालवा, मग घेऊन या. प्रत्येक फेरीची नोंद तो स्वतःच ठेवेल: इंजिन, गिअर, दारं, बेल्ट, सगळं. जुना कॉम्प्युटर तिने मला फडक्यात गुंडाळून दिला. मी तो शब्दकोशांच्या कपाटात ठेवला.

सोमवारी दुपारी मी दोन जाड पुस्तकं बाजूच्या सीटवर ठेवून वाचनालयाकडे निघालो. समोर लाल दिवा लागला आणि टुंग टुंग सुरू झालं. मी गाडी कडेला घेऊन बाईला फोन केला.

"सीटखाली वजन कळतं, काका. तिला वाटतंय माणूस बसलाय आणि बेल्ट लावलेला नाही. पुस्तकांना बेल्ट लावा."

मी लावला. आवाज थांबला. वाचनालयापाशी बेल्ट सोडून पुस्तकं परत केली.

बुधवारी सकाळी साडेसातला झाडांना पाणी घालताना हात बॉनेटला लागला. ते गरम होतं. ऊन अजून तिथवर आलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी पुन्हा वाचनालयात गेलो. निघताना पाहिलं, बाजूच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावलेला होता. सोमवारी सोडायला विसरलो असेन असं मनाशी म्हणालो आणि सोडला. मी विसरतो.

शुक्रवारी समोरच्या इस्त्रीवाल्याने हाक मारली. "काका, काकूंना कुठे नेता हो रोज सकाळी? परवापर्यंत मुंगीच्या पायानं जायचात. आता हात बसला तुमचा."

मी हसून वेळ मारून नेली. घरात येऊन बायकोला विचारलं, "मी सकाळी कुठे जातो का?"

"कुठे जाणार? सात वाजता माझ्यासमोर बसून चहा पिता. पेपर असा आडवा धरून, की मला तुमचं तोंडही दिसू नये." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी मी पेपर खाली ठेवून बसलो. फाटकाकडच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. उठून तो बाजूला करायचं धैर्य मला झालं नाही. हे लिहिताना लाज वाटते.

रविवारी दहाला गाडी शेडमध्ये नेली. मी चालवताना फक्त समोर बघतो. आजूबाजूला पाहायची मला अजून भीती वाटते. बाईने लॅपटॉप जोडला आणि नोंदी उघडल्या.

"छान, रोज चालवलीत."

"दोनदाच. आणि आज इथे आलो ती एकदा."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या तीन फेऱ्या होत्या. शिवाय सोमवारपासून रोज सकाळी एक जायची आणि एक यायची. सुरुवात सहा बावन्न. अंतर सात किलोमीटर. सोमवारी जायला एकतीस मिनिटं, वाटेत तीनदा थांबून. मंगळवारी सव्वीस. मग बावीस, एकोणीस, सोळा, तेरा. आज अकरा.

"कोणीतरी सराव करतंय," बाई हळूच म्हणाली.

तिने ॲक्सिलरेटरची रेघ काढून दाखवली. थोडं दाबलेलं, अर्धं सोडलेलं, पुन्हा थोडं दाबलेलं. प्रुफावर मी खूण करतो, खोडतो आणि पुन्हा तीच करतो, तशी. मी ती रेघ कुठेही ओळखली असती.

"हा तुमचाच पाय आहे, काका."

"हो."

"जाताना बाजूच्या सीटवर कोणीतरी आहे. रोज. बेल्ट लावून. येताना सीट रिकामी."

मी पडद्यावरच्या वेळा पुन्हा वाचल्या.

"आज सोडून," ती म्हणाली. "आज येतानाही भरलेली आहे." तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि ही तुमची आत्ताची फेरी. घरून इथवरची."

"भरलेली?"

तिने मानेनंच हो म्हटलं. गाडी आमच्यापासून चार हातांवर उभी होती. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

मग ती म्हणाली, "पुसून टाकू का सगळं? पुन्हा कोरा होईल. नाहीतर दुसरा घालू."

आयुष्यात पहिल्यांदाच मला दोन रकाने करावेसे वाटले नाहीत.

"राहू दे," मी म्हणालो.

गाडी मी हळू चालवत घरी आणली. गल्लीच्या वळणावर ती आपोआप हळू झाली नाही. मीच पाय उचलला. फाटकातून आत आलो. इंजिन चालू ठेवलं आणि तेव्हा कुठे बाजूला पाहिलं. सीट रिकामी होती. बेल्ट तिच्यावरून ताणून लावलेला होता.

शेवटच्या दिवसांत मुलीच्या बोटांना बेल्टचं बटण दाबवत नसे. मी वाकून बेल्ट सोडला.

लाल दिवा लागला. टुंग टुंग सुरू झालं.

मी उतरलो. गाडीला वळसा घातला, पलीकडचं दार उघडलं आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

तिला उतरायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्या वेळाने आवाज थांबला.