येते हं

मालू विरजण मागायला शेजारच्या मथुराकाकूंकडे गेली, तेव्हा भरदुपारी अंधारून आलं होतं. बहरीनमध्ये एकदा धूळ सुटली की मुहर्रकच्या गल्लीत समोरचं दारही दिसेनासं होतं.

काकू रोजनिशी लिहीत होत्या. लग्न होऊन या बेटावर उतरल्या, तेव्हापासून त्यांचा एक दिवस चुकला नव्हता. कुणाचं बारसं, कुणाचा सत्यनारायण, कुणाला विमानतळावर नोकरी लागली, सगळं त्यात. शेजारणी त्यांना चित्रगुप्ताची बहीण म्हणायच्या.

काकू विरजण आणायला आत गेल्या. मालूने सहज एक जुनी वही उघडली, सत्त्याहत्तर सालची. मालू जेमतेम शिकलेली, तोंडाने पुटपुटतच वाचायची.

"शंभूची मंगला आज गावी निघाली. तोंड सुजलेलं. दारातून येते हं म्हणाली."

खाली दुसऱ्या दिवसाची ओळ होती. "शंभूने अंगणातली विहीर सिमेंटने बुजवली."

शंभू मालूचा नवरा. पहिली बायको गावी तापाने गेली, असं सांगूनच त्याने हिला करून आणली होती. मालूने बोट वरच्या ओळीवर परत नेलं. तिने ती ओळ पुन्हा वाचली... येते हं. आणि निरोप घेणाऱ्याला आपण म्हणतो ना, तसंच सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "ये हं."

ती घरी आली, तर धुळीमुळे काम बंद पडून शंभू आधीच परतलेला.

"कुठं उंडारत होतीस?"

उत्तराची वाट त्याने कधीच पाहिली नव्हती. झिंज्या धरून त्याने तिला अंगणात ओढलं. विरजणाची वाटी फुटली. पट्ट्याचं बक्कल तोंडावर बसलं, ओठ फाटला. बुजवलेल्या विहिरीवर तिचं डोकं त्याने आपटलं, एकदा, दोनदा, आणि गळा आवळला.

"काकूंकडं चुगल्या करतेस? तीपण हेच करायची..."

मालूच्या पाठीखाली सिमेंट ओलं झालं. खालून कुणीतरी ठोकलं.

शंभूचे हात सैल पडले.

"कोण हाय?"

"आले..." खालून आवाज आला.

तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही म्हणतात. हा आला. सिमेंट तडकलं, मुठीएवढं भोक पडलं, आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला. त्याने शंभूचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. हाडं कडाकडा मोडत होती. आधी कोपर गेलं, मग खांदा. शंभू गुरासारखा ओरडत होता. मालूने डोळे गच्च मिटले, कान तिला मिटता आले नाहीत.

पोलिसांनी सिमेंट फोडलं. खाली मंगलाची हाडं होती, आणि त्यांच्या मिठीत शंभू. एवढा धिप्पाड माणूस त्या भोकातून गेला कसा, हे कुणालाच सांगता येईना. "खलास," एवढंच म्हणून त्यांचा साहेब घाईघाईने बाहेर पडला. घराला कुलूप लागलं.

महिन्याने मालू गावी निघाली. या बेटाचं तोंड तिला पुन्हा पाहायचं नव्हतं. जीव वाचला, यातच तिला सगळं मिळालं होतं. गाडी गल्लीत उभी होती. ती काकूंच्या पाया पडली.

"येते हं, काकू."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मालूने त्यांना सगळं सांगितलं होतं; ये म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

पण शेजारच्या कुलूपबंद घरातून कुणीतरी मायेने म्हणालं, "ये हं... वाट बघते."