वेल्डरच्या नावाचं रक्त

वॉर्डच्या डॉक्टरांनी फोनवरच आग पाखडली. तुमचा अहवाल म्हणतो वेल्डरला अणुकेंद्रातल्या अपघातात किरणोत्सर्ग लागलाच नाही, आणि इथे त्याचे केस उशीवर गळतायत, पांढऱ्या पेशी संपत आल्यात. त्या अहवालावर विसंबून मी आठवडा घालवला!

प्रयोगशाळेच्या बाई पुन्हा वेल्डरच्या रक्ताच्या स्लाइडकडे वळल्या. किरणांनी तुटलेली गुणसूत्रं चुकीची सांधली जातात, मग गुणसूत्राला मधल्या एका चिमटलेल्या कमरेऐवजी दोन दिसतात. ती मोजली की डोस कळतो. इथे तसं एकही नव्हतं. वेल्डरचा किरण मोजणारा बिल्लाही कोराच निघाला होता. मग खोटा कोण, मरायला टेकलेला माणूस?

या वेळी बाईंनी नुसत्या कंबरा न बघता सगळी गुणसूत्रं जोडीने लावली. मग कपाळावर हात मारला आणि तडक वॉर्ड गाठला.

वेल्डरला त्याची थोरली बहीण पाणी पाजत होती. ती अणुकेंद्राच्याच दवाखान्यात नर्स. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलेलं. त्याचं डोकं उचलताना तिची बाही सरकली. कोपराच्या आत काळानिळा डाग होता. तिने बाही झटकन खाली ओढली.

बाईंनी तिला बाहेर बोलावलं.

"नमुना कोणी काढला?"

"मीच."

"कोणाचा?"

तिने बाही मनगटापर्यंत ओढून धरली.

"पुरुषाच्या रक्तात असतं ते ठेंगणं गुणसूत्र त्यात नाही. रक्त स्त्रीचं आहे. आम्ही मोडतोड तेवढी मोजतो, पुरुष की बाई कोणी बघत नाही. मूर्खपणा आमचाही. पण एका हाताने स्वतःची शीर टोचली की असाच डाग पडतो, ताई. बिल्ला कुठे होता?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये."

केंद्रातली ही जुनी खोड. बिल्ल्यावर किरणांची वर्षाची मर्यादा भरत आली की घरी बसवतात, म्हणून तो काढूनच आत जायचं. भाऊच म्हणाला होता, ठेव तुझ्याकडे. त्याचं खरं रक्त तपासायला गेलं असतं तर कोऱ्या बिल्ल्याचं बिंग फुटून दोघांची नोकरी गेली असती. थोडंसंच लागलं असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. समजूत घालायला काय जातं!

तिने बाईंचा हात धरला. "माझी अस्थिमज्जा द्या त्याला. माझं रक्त तपासा."

"तपासलंय," बाई म्हणाल्या. "ठणठणीत आहे. तेच वाचून तर त्याचे उपचार थांबवले."

आतून भावाने पुन्हा पाणी मागितलं. ती जागची हलली नाही.