आकड्यावरचं हसू

ही गोष्ट खरी आहे.

शपथ घेत नाही, कारण माझ्या शपथेवर आमच्या युनिटमध्ये कुत्रंही विश्वास ठेवत नाही. पण त्या दिवशी दिवे मीच लावले होते. जे बघितलं ते लख्ख उजेडात बघितलं.

रात्र नव्हती हो. मे महिन्यातली भर दुपार. आमच्या थायलंडात राचबुरी गावाबाहेर डुकरांचा एक बंद पडलेला कत्तलखाना आहे, तिथे ‘आकडा’ सिनेमाच्या दुसऱ्या भागाचं शूटिंग चाललं होतं. खिडक्यांना काळं कापड. आवाज रेकॉर्ड होतो म्हणून पंखे बंद. आत माणूस उकडून निघत होता.

आणि वास...

दुसऱ्या भागाचा नियम साधा असतो. पहिल्यात जे होतं ते दुप्पट. पहिल्या भागातला खुनी नुसता आकड्याला टांगायचा माणसाला. आता टांगून, पोट फाडून, वर ओठही शिवणार होता. पहिल्यात बादलीभर रक्त लागलं, यात पिंपं भरून ठेवली होती. साखरेचा पाक आणि लाल रंग. त्यावर मुंग्यांच्या रांगा. आतडी मात्र खरी, बाजारातून आणलेली, डुकराची. डायरेक्टर आत्थितला खोटी आतडी चालत नव्हती.

“विसूतदादा, बघणाऱ्याने पॉपकॉर्न ओकलं पाहिजे,” तो म्हणाला.

“आधी तुझा लाइटमन ओकतोय ते बघ,” विसूत म्हणाला.

लाइटमन म्हणजे मी. आणि खरंच ओकत होतो.

हा विसूत आमचा जखमांचा कारागीर. पन्नाशीचा, ढेरपोट्या, महाखट्याळ. एकदा सूपमध्ये रबराचा अंगठा टाकून त्याने अख्ख्या युनिटचं जेवण बंद पाडलं होतं. त्याचा जीव एकाच ठिकाणी होता... बुसबात. त्याची एकुलती एक पोर, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. आई लहानपणीच गेली. बापाने तिला हसवून हसवून वाढवली. तिचं हसू कत्तलखान्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं.

या सिनेमात तिला पहिलं काम मिळालं होतं. आकड्यावर मरायचं.

आता आमच्याकडे एक रीत आहे. सिनेमात मेल्याचं काम केलं की कॅमेरा बंद व्हायच्या आत त्याच्याकडे बघून हसायचं. दात दाखवून. नाहीतर ते मरण अंगाला चिकटून घरी येतं. मोठमोठे हिरो हसतात. पहिल्या भागात जितके मेले तितके सगळे हसले होते.

सेटवर जेवण बनवणाऱ्या लमाय मावशीने सकाळीच बुसबाला बजावलं. “पोरी, आधी हसायचं, मग बाकीचं. विसरू नकोस.”

“मावशी, मला हसायला सांगावं लागतं का?” बुसबा म्हणाली. तोंडात चिकट भात आणि भाजलेलं डुकराचं मांस कोंबलेलं. तशीच खिदळली. शितं मावशीच्या अंगावर.

“शी! बापावर गेलीय मेली!”

बाप आणि लेक, दोघांचं आधीच ठरलं होतं. विसूतने बुसबाचा सिलिकॉनचा पुतळा बनवला होता. चेहऱ्यावरचा तीळसुद्धा जागच्या जागी. ओठ शिवलेले. दात बनवलेच नव्हते, बंद तोंडात दात कशाला? आकड्यावर पोरीऐवजी पुतळा टांगायचा. आत्थित कट म्हणेल, हस म्हणेल, घसा फोडून ओरडेल... आणि बुसबा पडद्यामागून येऊन म्हणेल, कुणाला सांगताय?

“पण रीत?” मी विचारलं.

“अरे, ती मरतच नाहीये! मरतोय पुतळा. त्याला काय रीत नि काय प्रीत?” विसूतने डोळा मारला.

झालं. कुणी बघत नसताना पुतळा चढवला. पोटात आतडी भरली. बुसबा काळ्या पडद्यामागे उलट्या टोपलीवर जाऊन बसली. तिची खुसखुस मला ऐकू येत होती.

शूटिंग सुरू झालं.

खुन्याने सुरा फिरवला. पोट उघडलं. आतड्यांचा लगदा फरशीवर पडला... फतक. सगळ्यांनी नाकं दाबली. माश्यांचा ढग उठला.

आणि तेव्हा विसूतला पहिली गोष्ट खटकली.

इतका कोथळा फरशीवर पडला होता... पण माश्या त्याच्यावर बसल्या नाहीत.

त्या वर गेल्या. पुतळ्याच्या ओठांवर बसल्या. फक्त ओठांवर. सिलिकॉनवर माशी कधी बसत नाही.

दुसरी गोष्ट...

पडद्यामागची खुसखुस थांबली होती. एकदम. कुणीतरी तोंडावर हात दाबावा तशी.

“कट! कॅमेरा चालू ठेवा,” आत्थित म्हणाला. “शाबास बुसबा. हस आता.”

आकड्यावर पुतळा संथ झुलत होता.

“हस गं पोरी, संपलं,” मावशी दारातून म्हणाली.

विसूतचे गाल फुगले होते. आता हसतो की मग, अशी अवस्था.

मग आवाज आला... टच.

ओठांचा एक टाका तुटला.

टच... टच...

माश्या उडाल्या. ओठ ओले, लाल, हळूहळू ताणले गेले. कोपऱ्यातून घट्ट पाक ओघळला. आणि दात दिसले.

पुतळा हसला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! “काय काम केलंय पोरीने!” आत्थित नाचायला लागला. मावशीने हात जोडले.

टाळ्या न वाजवणारे आम्ही दोघंच. विसूत आणि मी.

विसूतला वाटलं, कार्टीने डाव आपल्यावरच उलटवला. ऐन वेळी पुतळा काढून स्वतःच लटकली. बापाची लेक! तो हसत हसत पडद्यामागे गेला.

बुसबा टोपलीवरच बसली होती.

चेहरा सपाट. गालावर एक रेघ नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“काय गं? काय झालं?”

“बाबा, मी हसतेय,” ती म्हणाली. “केव्हाची हसतेय... दिसत नाहीये का तुम्हाला?”

विसूत धावत परत आला. त्याने पुतळ्याच्या तोंडात दोन बोटं घातली.

आत गरम होतं. मऊ होतं. जीभ असावी तसं काहीतरी बोटांना चाटून गेलं. त्याने बोटं बाहेर काढली. नखात काहीतरी अडकलं होतं.

चावलेला भात. आणि मांसाचा एक धागा.

आयुष्यभर जखमा बनवणारा माणूस तो. तिथेच गुडघ्यावर बसला आणि भडाभडा ओकला.

मग मस्करीचं सगळं बाहेर आलं. आत्थित पांढराफटक. शूटिंग पुन्हा लावून बघितलं. पडद्यावर पुतळ्याचे ओठ शेवटपर्यंत बंद होते. टाकेही शाबूत. आम्ही वीस-पंचवीस माणसांनी जे बघितलं, ते कॅमेऱ्याने बघितलंच नव्हतं.

“म्हणजे रीत झालीच नाही!” मावशी किंचाळली. “मरण तिच्या नावाने झालं आणि हसलं भलतंच कुणीतरी! विसूत, हीच का तुझी मस्करी?”

विसूतने बुसबाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. “हस बाळा. थोडंसं. बाबासाठी.”

तिने प्रयत्न केला. खरं सांगतो, तो प्रयत्न बघवत नव्हता. मान ताठ झाली, डोळे बाहेर आले, पण तोंड... तोंड कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं नुसतं होतं तिथे.

पुतळा आम्ही मागच्या अंगणात जाळला. सिलिकॉनचा घाण वास येणार म्हणून तोंडाला फडकी बांधली होती.

तसा वास आलाच नाही.

भाजलेल्या मांसाचा वास आला. गोडसर, खमंग. आणि सांगायलाही किळस वाटते... माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

तेव्हापासून मी मांस खात नाही.

बुसबाला वाटात, म्हणजे बुद्धाच्या मंदिरात नेलं. भिक्खूंनी मंत्राचं पाणी शिंपडलं, मनगटाला पांढरा दोरा बांधला. डॉक्टरांनी नसा तपासल्या. सगळं ठीक, म्हणाले. ती बोलते, जेवते, झोपते. फक्त हसत नाही.

विसूतने हार मानली नाही. रोज नवी सोंगं. एका सकाळी न्याहारीला त्याने भाताच्या टोपलीचं झाकण डोक्यावर घातलं, चमच्याचा कर्णा केला आणि आत्थितची हुबेहूब नक्कल केली. “ओका! सगळ्यांनी ओका! अजून कुणी कसं ओकत नाही?”

बुसबा बघत होती. तोंड मिटलेलं. घास चावत होती.

आणि... हसू ऐकू आलं.

तिचंच. तेच, खळाळतं.

विसूतच्या हातातला चमचा पडला. त्याने आनंदाने तिला मिठी मारली. तेव्हा त्याला कळलं.

हसू तोंडातून येत नव्हतं.

त्याच्या पोटाला तिचं पोट टेकलं होतं, आणि ते आतून हलत होतं. ओलं, गुळगुळ हसू. पाकात बुडालेल्या माणसाचं असावं तसं.

बुसबाने घास गिळला. अगदी शांतपणे म्हणाली,

“बाबा, पुन्हा नका असं करू. ते हसलं की मला आतून चावतं.”

सिनेमा लागला. जोरात चालला म्हणतात. मी बघितला नाही.

मागच्या आठवड्यात विसूतने मला जेवायला बोलावलं. तिघेच होतो. फक्त चमच्यांचा आवाज. मला गप्प बसवत नाही, जित्याची खोड. म्हटलं, वातावरण जरा हलकं करू. “अरे विसूत, ऐक, परवा काय गंमत झाली...”

विसूतने झेप घेऊन माझ्या तोंडावर हात दाबला.

मी बुसबाकडे बघितलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. दोन्ही हातांनी पोट घट्ट धरून ती तिकडेच, खाली बघत होती... आतलं काहीतरी ऐकायला टपून बसलंय, तशी.